वाल निघाले की येते

कर्जत, १४ मे २०२४

चि. ओमकार,

आशीर्वाद शेवटी देईन, ते कुठे पळून जात नाहीत. आधी कामाचं.

तुझ्या बायकोचा व्हिसा नाकारला, ही बातमी मला घरातल्या कुणी सांगितली नाही. दूध घालणाऱ्या नागूने सांगितली. "आत्याबाई, तुमच्या सुनंला कॅनडानं परत पाठवली म्हणं." मी म्हटलं, अरे, ती गेलीच नाही तर परत कशी पाठवतील? तो म्हणाला, "त्येच तर. जायच्या आधीच परत पाठवली."

मी रिक्षा करून गावच्या घरी गेले. तुझी आई ओटीवर बसली होती. वहिनीचं निदान तयार होतं : "माजंच चुकलं गं. पोरगी निघायची म्हणून देवीला कोंबडा कबूल करायला पायजे व्हता. मी नुसता नारळ बोलले." कॅनडाचा व्हिसा नारळावर अडतो आणि कोंबड्यावर सुटतो हे मला ठाऊक नव्हतं.

नम्रता आतल्या खोलीत होती. तिची बॅग मार्चपासून भरून ठेवलेली आहे. फरक एवढाच की घरातला मसाला संपला की बॅगेतून काढतात. विनिपेगला निघालेले पोह्याचे पापड मी काल आमटीबरोबर खाल्ले. बरे होते, थोडे खारट. बाहेर पडलं की आळीतल्या बायका विचारतात, "गेली नाय गं अजून?" म्हणून ती बाहेर पडत नाही. लग्न होऊन तीन महिने झाले, त्यातले वीस दिवस तू इथे होतास. उरलेले दिवस ती एका बॅगेशी संसार करते आहे.

आता तू मला नकाराची कारणं लिहून पाठव. तुझं मत नको, त्यांचे शब्द हवेत. खोपोलीच्या कारखान्यात पर्सोनेल खात्यात मी सत्तावीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज वाचले. अर्ज का नाकारतात एवढं मला कळतं.

फोन करू नकोस. तुझा फोन आला की वहिनी तो स्पीकरवर टाकते आणि मग अर्धी आळी तुझ्या संसारात भाग घेते. मेल कर. मराठीत, पूर्ण वाक्यांत.

आशीर्वाद.
विनिता आत्या


विनिपेग, १९ मे २०२४

आत्या,

साष्टांग नमस्कार. मी आधीच घालतोय, कारण तू रागावलेली आहेस.

त्यांचे शब्द असे : "मुदत संपल्यावर आपण आमचा देश सोडून परत जाल याची माझी खात्री पटलेली नाही. आपले जवळचे कुटुंबीय आमच्या देशात आहेत. आपल्या देशात आपल्याला परत खेचून नेईल अशी नोकरी वा मालमत्ता दिसून येत नाही." बस्स. खाली सहीसुद्धा नाही. आत्या, हा अपमान आहे. आम्ही काय चोर आहोत? आपलं घराणं काय, नम्रताचं घराणं काय!

तुला नीट समजावं म्हणून सांगतो. तिला कायमचं इथे आणायची फाइल वेगळी आहे. ती मी मार्चमध्येच टाकली आहे आणि तिला वर्ष-दीड वर्ष लागेल. तोवर तीन महिने तरी भेटायला यावी म्हणून हा साधा पाहुण्याचा व्हिसा मागितला होता. लग्नाचे दहा फोटो जोडले, ते माझ्या मेहुण्याने, स्वराजने निवडून पाठवले होते. माझं निमंत्रणपत्रही जोडलं. त्यात मी थोडं मनापासून लिहिलं होतं, की तिच्याशिवाय मला इथे एक दिवसही राहवत नाही आणि ती आली की आम्ही पुन्हा कधीच वेगळे होणार नाही. पनवेलचा एजंट म्हणतो, ते वाक्य जरा जास्त झालं. तो म्हणतो, दोन महिन्यांसाठी तिच्या खात्यात मोठी रक्कम फिरवून पुन्हा अर्ज करू.

इथे सगळं छान आहे. घर छान आहे. किचन तर तू व्हिडिओवर पाहिलंच आहेस. फक्त परवापर्यंत हातमोजे घालूनच बाहेर जावं लागत होतं. जाडे, कोपरापर्यंतचे. लोकांच्या बायका असतात, माझे हातमोजे आहेत.

नम्मी फोन उचलत नाही. माझ्यावर रागावली आहे का? मी काय केलं?

तुझा,
ओमकार


कर्जत, २ जून २०२४

चि. ओमकार,

एक. एजंटला नारळ दे. दोन. माणसाने बायकोवर प्रेम करावं, पण सरकारी अर्जात करू नये. "पुन्हा कधीच वेगळे होणार नाही" असं लिहून तू तिला "पाहुणी" म्हणून पाठवायला सांगतोस. कारखान्यात एक गडी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन आला होता, आणि काखेत त्याच्या लॉकरमधलं सगळं सामान होतं. मी रजा नाकारली. त्या अधिकाऱ्यानेही तेच केलं. मी त्याच्या जागी असते तर सहीसुद्धा केली असती.

पण "मालमत्ता दिसून येत नाही" हे वाचून मी जरा थांबले. नम्रताचे वडील वारले तेव्हा वारस म्हणून तिचं नाव कुंभिवलीच्या जमिनीला लागलेलं होतं, हे मला तुमचं लग्न ठरताना सांगितलं होतं. मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मग ते गेलं कुठे? म्हणून परवा कुंभिवलीला जाऊन आले.

तुझा मेहुणा स्वराज हायवेच्या गाळ्यावर होता. टायरही विकतो आणि लोकांच्या जमिनीही. मला बघून थंडा मागवला. मी विचारलं, नम्रताचा हिस्सा कुठे आहे?

"तिनं सोडला ना, आत्या. हक्कसोड केला. खालापूरला जाऊन रीतसर सही केली."

"कधी?"

"हळदीच्या दिवशी सकाळी. ती कॅनडाला जाणार, मग सहीला तिला कुठं शोधत फिरायचं? म्हटलं, आधी उरकून घेऊ. परत थोडीच येतेय ती!"

ओमकार, हे वाक्य तू नीट वाच. "परत थोडीच येतेय ती." तुझ्या साहेबाने इंग्रजीत जे लिहिलं ते तिच्या सख्ख्या भावाने हळदीच्या दिवशीच मराठीत म्हटलं होतं.

नम्रताची आई म्हणाली, "आमी काय फुकट नाय घेतलं. पैठणी दिली, फ्रिज दिला."

"फ्रिज कॅनडाला पाठवणार होतात?"

"नाय नाय. त्यो हितंच हाय. आमीच वापरतो."

मग अल्बम बघितला. ज्या दहा फोटोंची तू फुशारकी मारतोस त्यातल्या चारांत तुमच्या डोक्यामागे फ्लेक्स आहे. "कॅनडा येथे कायमस्वरूपी स्थायिक होण्यास निघालेल्या आमच्या लाडक्या भगिनी नम्रताताई यांना हार्दिक शुभेच्छा." त्याखाली लाल पान, आणि त्याखाली हेच सगळं इंग्रजीत. इंग्रजीत कशाला, म्हणून विचारलं. स्वराज म्हणाला, "मोहोपाड्याच्या कंपनीतले तिचे साहेब येणार होते ना." साहेब आले की नाही माहीत नाही. व्हिसाच्या साहेबाने मात्र वाचलं.

तर हिशेब असा. मोहोपाड्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतली चांगली नोकरी तिने लग्नाआधीच सोडली, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन. माहेरची जमीन सोडली. सासरची तुझ्या आणि तुझ्या आईच्या नावावर. या देशात तिच्या मालकीचं काय आहे? एक बॅग, आणि तीही अर्धी आम्ही खाल्ली. ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "आत्या, मी इथली उरले नाही आणि तिथली झाले नाही. फोनवर बोलायला तोंड कुठल्या गावाचं लावू?"

माझे वडील गेले तेव्हा तुझ्या बाबांनी माझ्यासमोरही तो कागद ठेवला होता. बहिणीने सही करायची, साडी घ्यायची आणि हसत निघायचं. साडी हिरवी होती. मी साडी नेसले आणि सही केली नाही. तुझे बाबा काही वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मला ते सोयीचं गेलं. त्यामुळेच आज कशेळे रस्त्याकडची ती पट्टी माझ्या नावावर आहे. मला मूलबाळ नाही आणि गुडघे राहिले नाहीत. ती मी नम्रताला बक्षीस देते आहे.

तिला आधी सांगितलं, तुला नंतर सांगते आहे. हा क्रम मुद्दाम आहे.

आशीर्वाद.
विनिता आत्या


विनिपेग, ९ जून २०२४

आत्या!

तू ग्रेट आहेस. मी तुझं पत्र शिफ्टच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि एवढ्या जोरात ओरडलो की सुपरवायझरने विचारलं, कोण गेलं?

आयडिया एकदम बरोबर आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव आलं की पुन्हा अर्ज टाकू. "मालमत्ता दिसून येत नाही" म्हणतात ना, आता दिसेल. तुला काही त्रास नको. कागदोपत्री तिच्या नावावर, बाकी सगळं आहे तसंच. फाइलचं काम झालं की तिच्याकडून सही घेऊन माझ्या नावावर करून टाकू, म्हणजे पुढे कटकट नाही. शेवटी घरातलं घरातच राहतंय.

नम्मीने परवा फोन उचलला. चार मिनिटं बोलली, आणि त्यातली तीन मिनिटं बांधावरच्या आंब्याबद्दल. बरं वाटलं. तिला सांग, फार उन्हात जाऊ नको, रंग जाईल.

तुझा,
ओमकार


कर्जत, २४ नोव्हेंबर २०२४

चि. ओमकार,

जूनमधल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर आपले संबंध तुझ्या बाबांच्या वळणावर गेले असते. तुझ्या बायकोचं बघून शहाणा होशील अशी आशा होती. तसं काही घडलेलं नाही, म्हणून लिहिते.

जुलैत बक्षीसपत्राची नोंद झाली. तू म्हणालास तसं "बाकी सगळं आहे तसंच" मात्र राहिलं नाही. नम्रता दुसऱ्याच दिवशी वहिनीला घेऊन शेतावर गेली. वहिनी आधी कुरकुरली, "माजी सून कॅनडाची, चिखलात कशाला जाते?" मग चिखलात सून तिच्यापेक्षा मागे पडते हे पाहून तिला इतका आनंद झाला की रोज जाऊ लागली. भात बरं आलं. काढलं, आणि आता त्याच ओलीवर वाल पेरले आहेत. आळीतल्या बायका अजून विचारतात, "गेली नाय?" आता नम्रता बांधावरून ओरडून सांगते, "वाल निघाले की जाते!"

तिच्या डोक्यात पोपटी आहे. त्या पट्टीच्या आसपास मुंबईकरांचे बंगले झालेत. शनिवारी येतात आणि काय करावं हे न सुचून एकमेकांशी भांडतात. जानेवारीत शेंगा आल्या की मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला भरायचा, मडकं उपडं घालून जाळ करायचा आणि त्यांना खाऊ घालायचं. दोन कुटुंबांनी आतापासून सांगून ठेवलं आहे. आपण जे थंडीत फुकट करतो त्याला ते अनुभव म्हणतात.

हे झालं बरं. आता दुसरं.

परवा मी शेतावर गेले तर बांधावर दोन बांबू आणि त्यांवर फ्लेक्स. डोंगर, धबधबा, एक गोरं कुटुंब आणि त्यांचा कुत्रा. "ग्रीन व्हॅली फार्महाउस प्लॉट. त्वरा करा." खाली मोबाइल नंबर. नम्रताने तिथेच उभ्याने तो नंबर लावला.

"हॅलो, प्लॉट बघायचा होता."

"या ना मॅडम! एकदम नदीला लागून हाय."

"दादा, मी नम्रता बोलते. नदी पलीकडच्या गावात हाय."

मग स्वराज म्हणाला, "माज्यावर कशाला ओरडतेस? नवऱ्याला विचार. त्याचं आणि माजं कधीच ठरलंय. तुझा व्हिसा झाला की विकायची."

मी शेजारीच उभी होते. फोन स्पीकरवर होता. म्हणजे ही सवय आता तिलाही लागली.

ती रडली नाही. तिने विळ्याने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि तो घडी घालून घरी आणला. म्हणाली, "कापड चांगलं जाड आहे. वाल वाळत घालायला होईल." गोरं कुटुंब सध्या आमच्या पडवीत आहे, कुत्र्यासकट.

हळदीच्या दिवशी भावाने तिच्याकडून सही घेतली. तू व्हिसाच्या दिवशी घेणार होतास. दोघांत फरक काय, तो मला पूर्ण वाक्यांत लिहून कळव. फरक नसेल तर कळवू नकोस.

विनिता आत्या

(आशीर्वाद या खेपेला राखून ठेवला आहे.)


विनिपेग, १ डिसेंबर २०२४

आत्या,

तीनदा लिहायला बसलो. नम्मी फोन उचलते, पण "हं" एवढंच म्हणते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पूर्ण वाक्यांत लिहितो. फरक नाही.

पण का, ते सांगू दे. व्हिडिओवर तू जे किचन पाहिलंस ते माझं नाही. घरमालकाचं आहे. ते आणि त्यांची बायको कामावर गेले की मी वर जातो आणि तिथून फोन करतो. मी तळघरात राहतो, आणखी दोघांबरोबर. खिडकी आहे, पण ती बर्फाच्या उंचीला आहे, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च ती खिडकी नसते. पलंग एकावर एक आहेत. माझा वरचा. नम्मीला कुठे ठेवणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं. अर्ज टाकताना म्हटलं, आधी येऊ दे, मग बघू. आणि नाकारला तेव्हा, आत्या, तुला सांगायला लाज वाटते, अपमान-बिपमान सगळं लिहिलं, पण त्याच्याआधी एक क्षण मला हायसं वाटलं होतं.

म्हणून स्वराज म्हणाला, विकू या, त्या पैशांत तुझं तिथे घर होईल, तेव्हा मी हो म्हणालो. ते कुणाचं आहे याचा विचारच केला नाही. मला वाटलं, घरचंच आहे. बाबाही असंच म्हणायचे.

ती आता काय करणार आहे? तिला इथे यायचं आहे का अजून? तू विचार. मला विचारवत नाही.

ओमकार


कर्जत, १२ डिसेंबर २०२४

चि. ओमकार,

हे पत्र बरं आहे. अगदी पहिल्यांदा तू काहीतरी पूर्ण लिहिलंस.

किचनचं दुःख करू नकोस. ते तुझं नाही हे नम्रताला केव्हाच माहीत आहे. फ्रिजवर दोन पगडीवाल्या पोरांचे फोटो आहेत. तू दर रविवारी त्यांच्यासमोर उभा राहून "आपलं घर" म्हणतोस. तिला वाटलं, कधीतरी तू स्वतः सांगशील. सात-आठ महिने ती त्या पोरांना मोठं होताना बघते आहे. म्हणते, धाकट्याचे पुढचे दात आले.

तुझं पत्र तिला वाचायला दिलं. परवानगी घेतली नाही. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, "वरचा पलंग? याला तर उंचीची भीती वाटते." एवढंच. मग शेंगा बघायला गेली. पण तुझ्या फोनला आज ती "हं"पेक्षा जास्त काही बोलेल असं मला दिसतं.

तिला यायचं आहे. तुला बघायला यायचं आहे, तुझं घर बघायला नाही. नवीन अर्ज तिने स्वतः लिहिला, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. त्यात काही लपवलेलं नाही. कायमची फाइल चालू आहे, ती मंजूर झाली की रीतसर येईन, आत्ता फक्त मार्चमध्ये नवऱ्याला भेटून एप्रिलमध्ये परत जायचं आहे, कारण भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचे आहेत. सातबारा जोडला, पेरणीचे फोटो जोडले, पोपटीची बुकिंगं जोडली. तुझं निमंत्रणपत्र मी लिहून सोबत पाठवते. खाली सही कर. त्यात तुझ्या मनातलं एक अक्षरही घालू नकोस.

आशीर्वाद, मागच्या खेपेच्या थकबाकीसह.
विनिता आत्या


विनिपेग, २८ जानेवारी २०२५

आत्या,

व्हिसा मिळाला!!! तुला कळलं असेलच, नागूने सांगितलं असेल.

मी लगेच नम्मीला फोन केला, म्हटलं, तिकीट काढतो, याच शनिवारचं. ती म्हणाली, "शनिवारी माझ्या चार पोपट्या आहेत." म्हटलं, मग पुढच्या. म्हणाली, "पुढच्या शनिवारी सहा." आत्या, आठ महिने मी सरकारशी भांडलो, आता मडक्यांशी भांडू का? शेवटी म्हणाली, "वाल निघाले की येते." मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हनावं, शेंगा काय व्हिसा बघून थांबत नाय!"

आईसुद्धा?

दुःखी,
ओमकार


विनिपेग, २३ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पोचल्याचा फोन केला होता, पण तो तुम्ही स्पीकरवर ऐकलात, त्यामुळे खरं आता लिहिते.

विमानतळावर खिडकीतली बाई कडक होती, तुमच्यासारखी. तिने विचारलं, "तुमचा नवरा इथे आहे, मग तुम्ही परत का जाल?" वर्षापूर्वी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी घाबरले असते. आता मी म्हणाले, "माझं शेत आहे." म्हणाली, "शेत पळून जातं का?" म्हटलं, "शेत नाही, दिवस पळून जातात. एप्रिलमध्ये राब भाजले नाहीत तर जूनमध्ये रोप कुठून आणू?" तिला राब कळेना. मी फोनमधला फोटो दाखवला. चुकून पोपटीचा निघाला. मडकं धडाडून पेटलेलं, बाजूला सासूबाई विळा घेऊन आणि मागे फ्लेक्सवरचं, शेणानं माखलेलं गोरं कुटुंब. तिने फोटो बराच वेळ पाहिला. मग शिक्का मारला आणि म्हणाली, तुम्ही नक्की परत जा.

ओमकार बाहेर उभा होता. त्याचे हातमोजे खरंच कोपरापर्यंत आहेत. मला बघून एक काढला, मग दुसरा निघेना. तो ओढत ओढतच जवळ आला. दोघांनी मिळून काढला.

तळघर तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही, पण त्याने लिहिलंय तितकं आहे. दोन्ही मित्र तीन आठवड्यांसाठी दुसरीकडे राहायला गेलेत. जाण्याआधी त्यांनी भिंतीला रंग दिला, फक्त दरवाजासमोरच्या. मी खालच्या पलंगावर आणि तो वरच्या. पहिल्या रात्री म्हणाला, "नम्मी, खाली बघितलं की गरगरतं." म्हटलं, मग ये खाली, कुणाच्या परवानगीची वाट बघतोस?

घरमालकीणबाईंना मी वाल दिले. त्यांच्याच किचनमध्ये बिरडं केलं. धाकट्याने दोनदा घेतलं. त्याचे दात छान आलेत.

जमिनीचं तो स्वतःहूनच बोलला. म्हणाला, "मी सही मागणार होतो." म्हटलं, "मी देणार नव्हते." मग दोघंही हसलो, आणि नंतर तो थोडा रडला. मी नाही. म्हणजे, फार नाही.

परतीचं विमान नऊ एप्रिलचं आहे, आणि मी त्यात असेन. सासूबाईंना सांगा, पालापाचोळा गोळा करून ठेवा, पण मी येईपर्यंत काडी लावू नका. त्यांचा काडेपेटीवर भारी जीव.

तुमची,
नम्रता


विनिपेग, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,

कायमची फाइल मंजूर झाली. काल पत्र आलं. आम्ही दोघं फोनवर अर्धा तास नुसतं "झालं ना?", "झालं" एवढंच म्हणत होतो.

ती फेब्रुवारीत येते म्हणते, शेवटची पोपटी झाली की. आणि दर थंडीत दोन महिने परत जाणार, हे तिने आधीच सांगून टाकलंय. बाकीचे महिने शेत आई बघेल. मी ऑगस्टपासून वेगळं घर घेतलंय, भाड्याचं, एकच खोली आहे, पण जमिनीच्या वर आहे. फ्रिज रिकामा आहे, त्यावर कुणाचेही फोटो नाहीत.

मी डिसेंबर-जानेवारी रजा टाकली आहे. तिला म्हटलं, मी येतो, आणि मग दोघं बरोबरच जाऊ. ती म्हणाली, "शेत माझं, पण व्हिसाचं खातं आत्यांकडे आहे. त्यांना अर्ज कर."

म्हणून हा अर्ज. कृपया मला डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने माझ्या बायकोला भेटायला येण्याची परवानगी द्यावी. मी चांगल्या चालीचा आहे. स्वराजशी माझा कोणताही व्यवहार चालू नाही.

आपला नम्र,
ओमकार


कर्जत, १७ ऑक्टोबर २०२५

श्री. ओमकार यांस,

आपला अर्ज मिळाला. तपासला. कळवण्यात येते की, मुदत संपल्यावर आपण आमचं गाव सोडून परत जाल याची माझी खात्री पटलेली नाही.

आपली पत्नी आमच्या गावात आहे. तिच्या नावावर इथे जमीन आहे, आणि त्या जमिनीवर या हंगामात गेल्या वर्षीच्या दुप्पट वाल येणार आहेत. आपली आई इथे आहे आणि ती आपल्याला खाऊ घालून हालू देणार नाही. तिकडे आपल्याला परत खेचून नेईल असं काय आहे? एक खोली, एक रिकामा फ्रिज आणि बर्फ. आपल्या पूर्वीच्या पत्रव्यवहारावरून असंही दिसतं की, किचन आपलं नसताना ते आपलं म्हणून दाखवण्याची आपल्याला सवय आहे.

सत्तावीस वर्षांत मी असले अर्ज मंजूर केले नाहीत.

हा करते आहे, कारण फेब्रुवारीत एक माणूस आपल्याबरोबर तिकडे यायला तयार आहे. त्या माणसाकडे बॅगेपेक्षा जास्त काहीतरी आहे. ते इथेच राहील, म्हणून ती निर्धास्त जाईल. दीड वर्षापूर्वी तुम्ही सगळे मिळून तिला मोकळी करून पाठवायला निघाला होतात. मोकळा माणूस कुठेच पोचत नाही. तो नुसता निघतो.

अट एकच. फ्लेक्स लावायचा नाही. स्वराजने विचारलं होतं, "भाऊजी येतायत, लावू का?" नम्रता म्हणाली, "लाव दादा. आमच्याकडं एक जुना हाय, त्याच्याच मागच्या बाजूला छाप." तेव्हा त्याने नाद सोडला. तरी त्याच्यावर माझा भरवसा नाही.

येताना ते कोपरापर्यंतचे हातमोजे आण. दोन्ही. पोपटीचं मडकं जाळातून उचलायला इथे माणूस कमी पडतो आहे.

आशीर्वाद.
विनिता आत्या